आमची वाटचाल : यंत्राला अनुदान, बीला उधारी

कारखान्याच्या दारावरची निळी पाटी आम्ही अजून काढलेली नाही. ‘पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमांतर्गत अर्थसाहाय्य’ ही ओळ पावसाने निम्मी खाल्ली आहे. पाटी लावणं बंधनकारक होतं म्हणून लावली. आता राहू दिली, कारण दर वर्षी हंगामाच्या तोंडावर कोणी ना कोणी ‘काजूचा कारखाना टाकायचाय, सबसिडी किती बसते?’ असं विचारत येतो आणि त्याला पाटीखाली उभं करूनच उत्तर देता येतं.

आमचं काम सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात. २०१४ साली प्रकल्प अहवाल केला तो २४ लाखांचा. उत्पादनासाठी तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती, पुढे ती ५० लाख झाली. शेड आणि यंत्रं १४ लाख, खेळतं भांडवल १० लाख. ग्रामीण भाग आणि सर्वसाधारण प्रवर्ग, म्हणून अनुदान २५ टक्के, म्हणजे ६ लाख. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ग्रामीण भागात ३५ टक्के, आणि स्वतःचा हिस्साही १० ऐवजी ५ टक्केच. आमचा हिस्सा २ लाख ४० हजार. उरलेले २१ लाख ६० हजार बँकेचे : १२ लाख ६० हजार मुदत कर्ज, ९ लाख सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचं कॅश क्रेडिट खातं. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, हे बऱ्याच जणांना अहवाल टाइप होऊन आल्यावर कळतं.

अर्ज तेव्हा कागदावर होता. जिल्हा समितीपुढे मुलाखत, मग बँकेची मंजुरी, मग दोन आठवड्यांचं उद्योजकता प्रशिक्षण. प्रशिक्षणाचा दाखला आल्याशिवाय बँक अनुदानाची मागणी पाठवू शकत नाही आणि दाखला हमखास पावसाळ्यात येतो. आलेले ६ लाख आपल्या हातात पडत नाहीत. बँक ते आपल्या नावाने तीन वर्षांच्या मुदत ठेव पावतीत ठेवते. सगळे तिला टीडीआर म्हणतात. पावतीवर व्याज नाही, आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज आकारायचंही नाही. हा दुसरा अर्धा भाग शाखेतल्या संगणकाला आपोआप कळत नाही. आमच्याकडून सात महिने पूर्ण रकमेवर व्याज कापलं गेलं, लेखी अर्ज दिल्यावर परत आलं. कर्जाचा उतारा दर तिमाहीला काढा आणि व्याज हाताने मोजा, कॅल्क्युलेटर पुरतो.

मुख्य गफलत मात्र अहवालातच होती, आणि ती आजही प्रत्येक अहवालात असते. यंत्रं रोज २०० किलो बी, म्हणजे टरफलातला कच्चा काजू, घेतील अशी. वर्षाचे २५० दिवस धरा, ५० टन बी झाली. किलोला १२० रुपये धरले तर ६० लाख. आमच्याकडे बीसाठी होते दहा. त्या पैशात सव्वाआठ टन येते, म्हणजे बेचाळीस दिवसांचं काम. इतर धंद्यात खेळतं भांडवल फिरतं, वर्षातून पाच वेळा फिरवा. काजूत बी मार्च ते मे एवढीच येते. जून उजाडला की बागायतदाराकडची संपली आणि व्यापाऱ्याच्या गोदामातली सुरू झाली, भाव त्याचा. म्हणजे १४ लाखांची यंत्रं वर्षभरासाठी आणि पैसा दीड महिन्याचा. समितीत हे कोणी विचारलं नाही. आम्हीही बोललो नाही, खरं तर तेव्हा आम्हाला ते दिसलंच नव्हतं.

खेळत्या भांडवलाला आणखी एक काटा आहे, तो मार्गदर्शक सूचनांच्या आतल्या पानात असतो. तीन वर्षांत सीसीची मर्यादा निदान एकदा शंभर टक्के वापरलेली दिसली पाहिजे, आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत. काटकसरीने सीसी कमी वापरणारा इथे दंड भरतो. अहवाल करणारा ‘लिमिट मोठी दाखवू, अनुदान वाढेल’ म्हणतो तेव्हा त्याला हे कलम वाचून दाखवायला सांगा.

यंत्रांबद्दल थोडं सविस्तर, कारण कोटेशन देणारे यंत्राबद्दल कमी आणि अनुदानाबद्दल जास्त बोलतात.

बी आली की आधी दोन-तीन दिवस कडक ऊन. ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आल्याशिवाय गोणीत भरायची नाही, आणि गोणी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. मार्चच्या सुरुवातीची बी ओली असते. घेताना १०० किलो, वाळून ९३-९४. हा फरक भावात न धरणारे पहिल्याच वर्षी मार खातात. मग वाफ. वाफ कमी पडली तर कापताना गर फुटतो, जास्त झाली तर टरफलातलं तेल आत उतरून गराला डाग पडतो. वाफवलेली बी रात्रभर पसरून गार करायची, गरम बी कापायला घेतली की तुकडाच हातात येतो. कापायला आमच्याकडे अजून पायाची यंत्रं आहेत. पाय दाबला की दोन पाती बीवर बसतात, हाताच्या दांडीने टरफल उघडतं, शेजारची बाई सळीने गर काढते. पात्यांमधलं अंतर बीच्या आकारानुसार हवं. वेंगुर्ला-४ या जातीला लावलेली पाती वेंगुर्ला-७ ला चालत नाहीत, ७ ची बी जवळपास १० ग्रॅमची, ४ ची त्याहून बरीच लहान. गावठी बी तर आणखी बारीक. म्हणून कापण्याआधी चाळणीवर बीची प्रतवारी. ही चाळणी कोटेशनमध्ये सहसा नसते, आमच्याही नव्हती. नंतर खिशातून घेतली, तिला अनुदान नाही.

पुढे बोर्मा, म्हणजे गर वाळवायची भट्टी. ६५ ते ७० अंशांत सहा-आठ तास, मध्ये ट्रे वर-खाली. साल सुटली की सोलणं, मग प्रतवारी. १८०, २१०, २४०, ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडात किती अख्खे गर बसतात ते. ढोबळ हिशेब चार किलो बीला एक किलो गर. पण पैसा त्या एका किलोत अख्खा किती आणि पाकळी (म्हणजे अर्धा गर) व तुकडा किती यात आहे. कापणाऱ्या बाईचा हात बसलेला असेल तर तुटीचा, म्हणजे फुटलेल्या गराचा, ताळेबंदच बदलतो. बसलेला हात कुठल्याच अहवालात भांडवल म्हणून धरत नाहीत.

आमच्यापासून काही किलोमीटरवर २०१५ च्या सुमारास दुसरा कारखाना उभा राहिला. नाव घेत नाही, पंचक्रोशीला माहीत आहे. योजना तीच, अनुदान ३५ टक्के, स्वयंचलित कटिंगची रांग. उद्‌घाटनाला मंडप. त्यांच्या यंत्रात दोष नव्हता, पण स्वयंचलित यंत्राला एकसारख्या आकाराची बी लागते आणि कोकणातला बागायतदार एकाच गोणीत तीन जाती आणतो. तूट वाढली. तूट भरून काढायला त्यांनी माल वाढवायचं ठरवलं, आणि माल वाढवायला बीचा भाव चढवला. सकाळी आम्ही सांगितलेल्या भावावर दुपारी त्यांची गाडी किलोला पाच-सात रुपये जास्त देऊन जायची. बागायतदाराला आम्ही दोष देत नाही. पण भाव त्यांच्यासाठी चढला की आमच्यासाठीही चढायचा, आणि आमची सीसी ९ लाखांचीच होती.

जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या काजूवर ५ टक्के कर खरेदीदाराने उलट आकारणीने भरायचा झाला. त्याची वजावट पुढे मिळते, हे खरं. पण भरताना तो रोखीनेच भरावा लागतो, जुन्या क्रेडिटमधून नाही. ९ लाखांच्या खरेदीवर ४५ हजार. हंगामात ४५ हजार म्हणजे पावणेचारशे किलो बी.

मग २०१८. हंगाम तेजीत उघडला, सगळ्यांनी चढ्या भावाने बी भरली, आम्हीही. पाऊस सुरू झाला तसा बाजार उतरत गेला. आता सीसी खात्याची गंमत ऐका. बँक मर्यादा देते ९ लाख, पण उचलता येतात ते ड्रॉइंग पॉवरइतकेच : साठ्याच्या किमतीतून २५ टक्के वजा. साठा १२ लाखांचा तेव्हा ड्रॉइंग पॉवर ९ लाख. तोच साठा, एक गोणी न हलता, उतरलेल्या भावाने ९ लाखांचा झाला की ड्रॉइंग पॉवर पावणेसात. सव्वादोन लाख जादा उचललेले दिसतात, आपण काहीही न उचलता. त्यात मुदत कर्जाचे दोन हप्ते थकले. ९० दिवस असं राहिलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं. आमचे ७० झाले होते आणि टीडीआरची तीन वर्षं भरायला तीन महिने उरले होते. तीन वर्षांच्या आत खातं बुडालं तर ती रक्कम कर्जाच्या खड्ड्यात जाते, आपल्या कामाला येत नाही.

शाखेत आम्हाला सांगितलं गेलं, साठा विका आणि भरा. पडत्या बाजारात अख्खा काजूही कोणी उचलत नव्हतं, आमच्याकडे तर पाकळी आणि तुकड्याचे डबे जास्त. इथे कोल्हापूरचे आमचे मिठाईवाले शेठ. पहिल्या वर्षापासून पाकळी तेच घेतात, कारण कतलीला अख्खा गर लागतच नाही, वाटूनच घ्यायचा. त्यांची अट एकच : डाग नको, खवट नको, आणि डब्यावर लिहिलेलं वजन डब्यात हवं. चार वर्षांत एकदा एका डब्यात दोनशे ग्रॅम कमी भरले होते, ते आम्हीच फोन करून सांगितलं होतं. शेठना ते आठवत होतं. दिवाळीच्या मालाचे तीन लाख त्यांनी ऑगस्टमध्येच सीसी खात्यात टाकले. चिठ्ठी नाही, करार नाही, ‘माल नवरात्राआधी पाठवा’ एवढंच. खातं मर्यादेत आलं, हप्ते भरले, नोव्हेंबरात टीडीआरची मुदत पूर्ण झाली. पडताळणी झाली, पाटीचा फोटो निघाला, ६ लाख कर्जात जमा झाले.

तेव्हापासून आम्ही साठ्याचं पत्रक महिन्याच्या ५ तारखेला देतो, भाव खरेदीचा आणि बाजाराचा यांतला जो कमी तो लावून. चढा भाव लावला तर महिनाभर बरं वाटतं. तीन महिन्यांपेक्षा जुन्या पत्रकावरची ड्रॉइंग पॉवर धरली जात नाही, हेही लक्षात ठेवा.

मधली वर्षं नीट गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

याच योजनेत चाललेल्या घटकाला वाढीसाठी दुसरं कर्ज मिळतं, एक कोटीपर्यंतच्या प्रकल्पाला १५ टक्के अनुदान. आम्ही अर्ज केला. अट : पहिलं कर्ज वेळेवर फेडलेलं हवं. आमचं फेडलेलं होतं, पण २०१८ चे ते दोन हप्ते उताऱ्यावर होते. अर्ज परत आला. सत्तर दिवसांचा डाग निघत नाही, आणि तो बाजाराने पाडला की आम्ही, हे लिहायला अर्जात रकाना नाही.

गावातल्या बचत गटाने २०२२ मध्ये दुसऱ्या वाटेने काम केलं आणि चांगलं केलं, म्हणून सांगतो. जून २०२० मध्ये सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, आपल्याकडे कृषी विभाग बघतो. ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. तांत्रिक बांधकाम प्रकल्पाच्या ३० टक्क्यांपर्यंतच, जागा आणि भाडं धरत नाहीत, खेळत्या भांडवलावर अनुदान नाही. इथेही रक्कम तीन वर्षं बँकेतच अडकते. पण गटातल्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत मिळतं, तेही कर्ज म्हणून, आणि आमच्या मते या योजनेतला खरा उपयोगाचा भाग तोच. गटाने यंत्र घेतलंच नाही. चाळीस हजारांचे सोलायचे चाकू, तराजू, पिशवी बंद करायचं सीलर आणि मार्चमधली बी. आज आमचं अर्धं सोलणं त्यांच्याकडे जातं.

त्या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. अर्ज, अहवाल, बँक हे तिचं काम, आणि मंजूर कर्जामागे २० हजार रुपये तिला सरकार देतं, निम्मे मंजुरीनंतर, निम्मे परवाने आणि नोंदण्या झाल्यावर. अर्जदाराने तिला काही द्यायचं नाही. ‘टक्केवारी’ मागणारा भेटला तर तो ती व्यक्ती नव्हे, दलाल आहे. दलालाची खूण अशी : तो यंत्राचं कोटेशन स्वतःच आणतो, तिन्ही कोटेशनवर अक्षर एकच असतं, आणि थ्री-फेजची जोडणी कधी मिळेल हे विचारलं की तो विषय बदलतो.

शेजारचा तो कारखाना त्यांची तीन वर्षं भरल्यावर सहा महिन्यांत बंद झाला. कटिंगची रांग कोणी बाहेरगावचा घेऊन गेला. बोर्मा पडून होता, तो आम्ही घेतला. चांगला आहे, ट्रे स्टीलचे, पंखा जरा आवाज करतो. जुन्या यंत्राला अनुदान बसत नाही, म्हणून पाटी लावावी लागली नाही. बेअरिंग बदललं, थर्मामीटर नवा बसवला, कारण जुना चार अंश कमी दाखवत होता. त्यांचा गर पिवळा का पडायचा ते तेव्हा कळलं.