व्हिटॅमिन ई का लिहून देत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसनं हृदय म्हातारं होतं म्हणता, मग अँटिऑक्सिडंटची गोळी लिहून द्यायला तुमचं काय जातं?’ सोलापुरात नवी पेठेत असो की सिद्धेश्वर तलावाकाठी, पेशंटचा प्रश्न हाच. माझं काही जात नाही. तरी देणार नाही.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनच्या घातक कणांचा पेशींवरचा मारा, खोटा आहे असं मी म्हणत नाही. अँटिऑक्सिडंट म्हणजे हे कण निकामी करणारा पदार्थ, व्हिटॅमिन ई त्यातलंच. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यानं वाहिनी सैल राहते. वयाबरोबर तिथं सुपरऑक्साइड हा असाच एक घातक कण वाढतो आणि नायट्रिक ऑक्साइडला गाठून पेरॉक्सिनायट्राइट बनवतो. हा पेरॉक्सिनायट्राइट नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला लागणारा बीएच-फोर नावाचा सहघटक नासवतो. मग ते एन्झाइमच सुपरऑक्साइड सोडू लागतं. कुंपणच शेत खातं. पुढं महाधमनी ताठरते, प्रेशर १६०/७० दिसतं आणि ‘खालचं नॉर्मल आहे की’ म्हणून घरचे खूश!

मग गोळी का नाही? ‘होप’ चाचणीमुळं. पंचावन्नच्या पुढचे, हृदयविकाराचा धोका असलेले साडेनऊ हजारांच्या आसपास लोक. निम्म्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २००० साली निकाल आला. साडेचार वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू : व्हिटॅमिन ईवाल्यांत १६.२ टक्के, पोकळ गोळीवाल्यांत १५.५. म्हणजे फायदा नाहीच. ‘एवढ्यात काय कळणार, अजून थांबा’ म्हणणारे होते आणि त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. थांबले. सुमारे सात वर्षांचे आकडे २००५ मध्ये आले. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर (हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडणं) १३ टक्क्यांनी जास्त.

त्याच चाचणीत रामिप्रिल ही प्रेशरची गोळी, १० मिलिग्रॅम, तीही तपासली होती. तिथं हेच प्रमाण पोकळ गोळीवाल्यांत १७.८, रामिप्रिलवाल्यांत १४ टक्के. रामिप्रिल अँजिओटेन्सिन-दोन हा वाहिन्या आवळणारा हार्मोन कमी करतं, आणि वाहिनीत सुपरऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला चेव आणतो तो हाच. तयार झालेल्या सुपरऑक्साइडमागं धावण्यापेक्षा तो बनूच न देणं बरं, असं मला वाटतं. फायदा निव्वळ प्रेशर उतरल्यानं झाला असं कुणी म्हटलं, तर मात्र मी भांडणार नाही.

पण म्हणून रामिप्रिल मेडिकलमधून परस्पर आणू नका. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम बघावं लागतं. कोरडा खोकला लागला तर सांगा, गोळी बदलता येते. मे महिन्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी फोन करा. विडी बंद, असे घातक कण धुरातूनही थेट आत जातात.

अँटिऑक्सिडंटसाठी डाळिंब? सोलापुरात राहून नको कसं म्हणू! दाणे खा, रस नको. शेंगाचटणीतलं मीठ मात्र हिशोबात धरा.