तुम्ही विचारलंत म्हणून: हा अल्टम आहे का?

एंजल हा टँकमध्ये पाळायचा शोभेचा मासा, आणि अल्टम ही त्याची एक जात. एंजल पाळणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सोबत फोटो असतो, दुकानदाराने घेतलेली किंमत असते आणि त्या किमतीमुळे लागलेली धाकधूक असते. बहुतेक वेळा माझं उत्तर ‘नाही’ असतं. ते ऐकून लोक हिरमुसतात, म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

एंजलच्या जाती तीनच: स्केलॅरे, अल्टम आणि लिओपोल्डी. शास्त्रात त्यांची नोंद अनुक्रमे १८२३, १९०३ आणि १९६३ साली झाली. स्केलॅरेचा पसारा मोठा. पेरूपासून ब्राझीलपर्यंत अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तो सापडतो, शिवाय गयानाकडच्या नद्यांतही. अल्टमचा मुलूख मात्र आटोपशीर आहे. ओरिनोकोचं खोरं, त्यातही कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या सीमेकडच्या अताबापो, इनिरिदा अशा नद्या, आणि रिओ निग्रो नदीचा वरचा भाग. आपल्याकडच्या दुकानांतले एंजल बहुतेक चेन्नईच्या कोळत्तूरमधून नाहीतर बंगालमधून आलेले, पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्येच वाढलेले. मार्बल म्हणा, कोई म्हणा, ब्लॅक म्हणा, रंगांचे हे सगळे प्रकार मुळात स्केलॅरेचीच लेकरं.

‘पण याचे पर केवढे लांब आहेत!’ हे पुढचं वाक्य ठरलेलं. लांब पर हा पुरावाच नव्हे. स्केलॅरेमध्ये व्हेल (म्हणजे बुरखा, देवमासा नव्हे) नावाचा प्रकार पैदास करणाऱ्यांनी टिकवलाय, त्याचे पर कुठल्याही अल्टमला लाजवतील. पट्ट्यांवरही फार विसंबू नका. एंजल घाबरला की पट्टे फिके पडतात, चिडला की गडद होतात. पिशवीतून नुकत्याच काढलेल्या माशाच्या पट्ट्यांवरून जात ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

बघायचं ते तोंड. मासा बरोबर आडवा, बाजूने दिसत असताना कपाळावरून ओठांपर्यंत नजर उतरवा. अल्टममध्ये ही रेघ नाकपुड्यांच्या वर एकदम आत दबते आणि मग तोंड वर उचलल्यासारखं पुढे येतं. तोतापुरी आंब्याच्या चोचीपाशी असतो तसा खळगा. स्केलॅरेत तो खळगा असतो, पण उथळ. लिओपोल्डीत जवळपास नसतोच, रेघ सरळ उतरते. एकदा खरा अल्टम बाजूने पाहिलात की पुन्हा गफलत होणं कठीण. पूर्ण वाढलेला अल्टम तिघांत सगळ्यात मोठा आणि उंच, आणि त्याचे खवले सगळ्यात बारीक. आडव्या ओळीत मोजले तर अल्टमचे ४० च्या वर भरतात, स्केलॅरेचे साधारण ३० ते ४०, लिओपोल्डीचे ३० च्याही आत. अर्थात पोहणाऱ्या माशाचे खवले मोजायला बसणारा माणूस मला अजून भेटायचाय.

लिओपोल्डी ओळखायला त्याहून सोपा. वरच्या पराच्या बुडाशी, चौथ्या पट्ट्यावर, ठळक काळा डाग. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या नावाचा हा मासा तिघांत सगळ्यात लहान, आणि स्वभावाने सगळ्यात भांडखोर. बरीच वर्षं तो ‘डुमेरिली’ या चुकीच्या नावाने विकला जायचा. आपल्याकडे क्वचितच दिसतो, त्यामुळे त्याच्याविषयी मला कोणी विचारतही नाही. मला विचाराल तर तिघांतला सगळ्यात मजेदार मासा तोच.

आता खरी गोम. ‘पेरूव्हियन अल्टम’ या नावाने जे विकलं जातं ते पेरूमधलं उंच अंगाचं स्केलॅरे. मासा सुंदर असतो, जंगली असला तर घ्यावा असाच असतो, पण अल्टम नव्हे. पेरूच्या नद्या अ‍ॅमेझॉनला मिळतात, ओरिनोकोला किंवा रिओ निग्रोला नाही. नकाशा उघडला तरी निम्मा निकाल लागतो. दुसरी अडचण संकरांची. अल्टम आणि स्केलॅरेची पिल्लं होतात, ती वाढतात, आणि त्यांच्या तोंडाचा खळगा धड इकडचा ना तिकडचा. अशा वेळी फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्याचं ऐकू नका, माझंसुद्धा. विकणाऱ्याला नदीचं नाव विचारा. ज्याने खरंच इनिरिदाचा माल मागवलाय तो ते आपणहून सांगतो, कारण भाव त्या नावालाच असतो.

पाण्यावरूनही थोडं कळतं. अल्टम ज्या काळ्या पाण्यातून येतो ते चहाच्या रंगाचं, अतिशय मऊ आणि चांगलंच आम्लयुक्त, पीएच ५ च्या आसपास. पकडून आणलेला अल्टम नव्या टँकमध्ये रुळताना बराच नखरा करतो. तुमचा मासा बोअरच्या जड पाण्यात पहिल्याच संध्याकाळी फ्लेक्सच्या खाद्यावर तुटून पडला असेल, तर तो अल्टम असल्याची शक्यता मी फार धरणार नाही.

फोटो पाठवायचाच असेल तर मासा काचेला समांतर असताना काढा, मोबाईल त्याच्या डोळ्याच्या पातळीवर धरून. गोल भांड्यातला नको, त्यात तोंडाचा आकार बिघडतो. आणि पिल्लू रुपयाच्या नाण्याएवढं असेल तर काही महिने थांबा. त्या वयात मी कोणालाच उत्तर देत नाही.