कोपऱ्यातली फुली

आज डॉक्टरांनी दवाखाना सोडला. पुढच्या लोकसभेला दिंडोरीतून उभं राहायचं आणि त्यासाठी आत्तापासून गावोगाव फिरायचं, असं त्यांचं पक्कं झालंय. मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव, ते मूळचे पेठकडचे आदिवासीच.

नाशिकच्या पेठ रोडला त्यांच्या दवाखान्याला लागूनच माझं मेडिकल. १८ वर्षं झाली. चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक फुली दिसली की पैसे मागायचे नाहीत, हे आमचं ठरलेलं. महिनाअखेर ते स्वतः हिशोब चुकता करायचे. फुलीवाले बहुतेक पेठ-सुरगाण्याहून एसटीनं आलेले.

दुपारी न राहवून विचारलंच, एवढी जमलेली प्रॅक्टिस सोडून हे कशाला? म्हणाले, "भाऊ, टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देतं. पण नुसत्या गोळ्यांनी माणूस उभा राहतो का? पोटात अन्न नको? निक्षय पोषण योजनेत पेशंटला खाण्यासाठी महिन्याला ५०० रुपये २०१८ला सुरू झाले. त्याचे १००० व्हायला २०२४ उजाडलं. तो आकडा दिल्लीत ठरतो. इथे बसून मी किती फुल्या मारू?"

मला उत्तर सुचलं नाही. काळजी मात्र वाटते. डॉ. भारती पवारही डॉक्टरच. २०१९ला दिंडोरीतून खासदार, २०२१च्या जुलैत केंद्रात आरोग्य राज्यमंत्री, तेही कोविडच्या दिवसांत. आणि २०२४ला त्याच दिंडोरीत भास्कर भगरे सरांकडून हरल्या. निर्यातबंदीनं कांदेवाले पोळले होते, मतं तिथेच फिरली असं माझं मत. आरोग्याचा विषय कुणी काढलाच नाही. म्हणून डॉक्टरांना म्हटलं, आधी चार दिवस लासलगावला कांद्याच्या लिलावात उभे राहा. भाव पुकारतात तेव्हा ट्रॅक्टरजवळच्या शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघा. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. पेशंटचं लिहितात तसंच, आधी तारीख टाकून.

संध्याकाळी पेठची एक आजी आली, शेवटची. कोपऱ्यात फुली होतीच. औषधं दिली, कुठली कधी घ्यायची ते दोनदा सांगितलं आणि चिठ्ठी मागून घेतली. सोमवारपासून दवाखान्यात नवी डॉक्टर मुलगी बसणार आहे. तिला दाखवायला ती काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवलीय.