पॅनल नवीन, तरी स्क्रीन काळी

परवा दुपारी दुकानात इंजिनिअरिंगची एक मुलगी आली. सॅकमधून लॅपटॉप काढला न म्हणाली, दादा स्क्रीन मी स्वतःच बदललीये पण काहीच दिसत नाहीये, एका ठिकाणी दाखवला तर ते म्हणाले मदरबोर्ड गेला, खर्च करण्यापेक्षा नवीनच घे. आवाज पार रडवेला झालेला, पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टचं सबमिशन.

चालू केला तर पंखा फिरतोय, कॅप्स लॉकची लाइट लागतेय. एचडीएमआयने दुकानातला मॉनिटर जोडला, विंडोज व्यवस्थित उघडलं. मग मोबाइलचा टॉर्च तिच्या स्क्रीनवर तिरका धरला आणि काळ्यावर अगदी फिकट असे डेस्कटॉपचे आयकॉन दिसले. म्हटलं हे बघ, चित्र येतंय, फक्त मागची बॅकलाइट बंद आहे, मदरबोर्ड कुठे गेलाय?

बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट, काढली आणि तिचं काम बघून खरंच बरं वाटलं, एकही लॉक तुटलेलं नाही, केबलवरची टेप जशीच्या तशी. पॅनलपण जुन्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर जुळवून मागवलेलं. नाहीतर लोक लॅपटॉपचं मॉडेल टाकून ऑर्डर करतात आणि तिथेच फसतात, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळी पॅनल टाकते, साइज तीच 15.6 इंच पण एक 30 पिनचं एक 40 पिनचं, एक 1366×768 तर दुसरं 1920×1080, एखाद्याला स्क्रूसाठी बाजूला पट्ट्या असतात एखाद्याला नसतात.

विचारलं, बॅटरी काढलेलीस? म्हणाली चार्जर काढला होता की, लॅपटॉपपण बंद होता. पण आजकाल बॅटरी आतच असते ना, खालचं कव्हर उघडून तिचा कनेक्टर काढल्याशिवाय बोर्डावर सप्लाय राहतोच. डिस्प्लेच्या त्या बारीक कनेक्टरमध्ये बॅकलाइटचे जास्त व्होल्टेजचे पिन आणि 3.3 व्होल्टचे पिन एकाच रांगेत, लावताना जरा तिरका बसला की शॉर्ट.

बोर्ड उघडला, डिस्प्ले कनेक्टरजवळ बॅकलाइटच्या सप्लायवर तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान फ्यूज असतो, त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर बीप नाही. उडालेला. पुढे लाइन शॉर्ट नाही ना ते तपासलं आणि स्क्रॅप बोर्डावरचा त्याच रेटिंगचा काढून बसवला. काही जण तिथे सरळ तार जोडून देतात, मला ते अजिबात पटत नाही, पुढच्या शॉर्टला फ्यूजच्या जागी पॅनल नाहीतर बोर्डच जळणार.

पॅनल मात्र तिलाच लावायला दिलं. आधी बॅटरी सुटी, मग पॉवर बटण थोडा वेळ दाबून ठेव म्हणजे उरलासुरला चार्ज जातो, मग कनेक्टर सरळ आत सरकव, कनेक्टरवरची लॉकची तार खाली पाड आणि टेप लाव. मग बॅटरी जोडून चालू केला तर लख्ख स्क्रीन! बेझल लगेच नको चिकटवू म्हटलं, आधी पांढरी, काळी, लाल स्क्रीन लावून पिक्सेल बघ, पॅनल परत करायचं तर प्लास्टिक फिल्मपण अजून काढू नकोस.

पैसे फक्त फ्यूजच्या कामाचे घेतले. ज्या माणसाने टॉर्चसुद्धा न मारता तिला मदरबोर्ड गेला सांगितलं त्याचा मला अजून राग येतोय, पोरीने तो लॅपटॉप भंगारात टाकला असता ना!