पेशीच्या आत रिसेप्टर कशाला?

शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागल्यापासून दरवर्षी हा प्रश्न येतोच: “मॅडम, संदेश येतो चेतापेशीच्या पडद्यावर, मग रिसेप्टर आत कशाला?” परवा भाच्यानेही फोनवर तेच विचारलं, म्हणून नीट बसून लिहिते. रिसेप्टर म्हणजे ठरावीक रेणू येऊन चिकटला की पेशीला संदेश पोचवणारं प्रथिन.

लहान मेंदूतल्या पुर्किंजे या चेतापेशीपासून सुरुवात करते, कारण ती मी जवळून पाहिली आहे. संशोधनाच्या दिवसांत उंदराच्या मेंदूची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, कॅल्शियम लागलं की उजळणारा रंग पेशीत भरायचा आणि अंधाऱ्या खोलीत बघत बसायचं. शेजारच्या तंतूंना लागोपाठ काही झटके दिले की फांदीचा एक तुकडा झटकन उजळायचा. तो विझतोय तोच, त्याच जागी, दुसरा उजेड सावकाश फुगत यायचा. तो दुसरा उजेड पेशीच्या स्वतःच्या साठ्यातल्या कॅल्शियमचा!

होतं असं: ग्लुटामेट (तंतूने सोडलेलं, संदेश नेणारं रसायन) पडद्यावरच्या एका रिसेप्टरला लागतं, त्यामुळे पडद्यातून आयपी-३ हा छोटा रेणू सुटतो, आणि तो आंतर्द्रव्यजालिकेवरच्या, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यावरच्या, आयपी-३ रिसेप्टरला जाऊन चिकटतो. साठा उघडतो. एरवी पेशीत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १० हजार पट कमी असतं, त्यामुळे थोडंसं सुटलं तरी पेशीला लगेच कळतं.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. या रिसेप्टरला नुसतं आयपी-३ पुरत नाही, सोबत थोडं कॅल्शियमही लागतं. ते दुसऱ्याच एका तंतूच्या, पेशीवर चढत जाणाऱ्या ‘चढत्या तंतू’च्या, संदेशाने येतं. दोन्ही एका वेळी आले की साठा भरभरून उघडतो, आणि परिणाम दिसतो थेट पडद्यावर: तिथले ग्लुटामेटचे काही रिसेप्टर आत ओढून घेतले जातात. पुढच्या वेळी शेजारचा तोच तंतू बोलला तर पेशी त्याचं कमी ऐकते, आणि हे बराच काळ टिकतं. संदेशाची ही घट जपानी शास्त्रज्ञ मासाओ इतो यांनी १९८२ साली दाखवली.

म्हणजे पडद्यावर किती कान उघडे राहतील, हे ठरवण्यात आतल्या रिसेप्टरचा वाटा असतो.

आयपी-३ रिसेप्टरची जनुकीय रचना कात्सुहिको मिकोशिबा यांच्या गटाने १९८९ मध्ये उलगडली. त्यांची सुरुवात झाली होती तोल जाणाऱ्या उंदरांपासून. या उंदरांच्या पुर्किंजे पेशींत एक प्रथिन फारच कमी होतं, आणि ते हेच निघालं. माणसात याच रिसेप्टरच्या जनुकाचा तुकडा गळाला तर मोठेपणी चाल हळूहळू डळमळू लागते, बोलणं अडखळतं.