कपाळाला आठ्या असलेला डॉक्टर

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बघणारे दोघे भेटले की एक प्रश्न ठरलेला: तुझा डॉक्टर, म्हणजे नायकाच्या भूमिकेतला नट, कोणता? माझ्या ओळखीतले बहुतेक जण डेव्हिड टेनंटचं नाव घेतात, उरलेले मॅट स्मिथचं. मी पीटर कपाल्डी म्हणते. मग 'तो म्हातारा?'

हो, तोच. मालिका बीबीसीवर १९६३ साली सुरू झाली. नायक, म्हणजे डॉक्टर, मरायला टेकला की त्याला नवं शरीर मिळतं, म्हणजे नट बदलतो. आपल्याकडे गाजलेल्या नाटकात नट बदलला तरी संवाद तेच राहतात. इथे आठवणी तेवढ्या जुन्या, बाकी स्वभावापासून सगळं नव्याने उभं करायचं.

कपाल्डीची निवड २०१३ मध्ये जाहीर झाली तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेलही सुरुवातीला तेवढ्याच वयाचा. कपाल्डी तर लहानपणापासून या मालिकेचा वेडा, शाळकरी वयात 'रेडिओ टाइम्स' या टीव्ही-रेडिओच्या कार्यक्रमांच्या साप्ताहिकाला लिहिलेलं त्याचं पत्र छापूनही आलं होतं. असा भक्त आवडत्या डॉक्टरांच्या लकबी उचलणार, असं वाटलं होतं. याने आधी गोडवाच काढून टाकला. रोखलेली नजर, त्या भुवया, ग्लासगोचे खरखरीत उच्चार. मिठी मारायला कुणी आलं की अंग चोरणार.

'अंडर द लेक' या भागात एका पथकातला माणूस नुकताच गेलेला असतो आणि डॉक्टर भलतंच काहीतरी बोलून जातो. त्याची सोबतीण क्लारा डोळ्यांनी दटावते. तो खिशातून कार्डं काढतो, तिनेच लिहून दिलेली, चाळत चाळत योग्य ते शोधतो आणि दुःख झाल्याचं वाचून दाखवतो. त्यात 'मित्र, नातेवाईक किंवा पाळीव प्राणी' हे पर्यायसुद्धा तो जसेच्या तसे वाचतो! मी हसून लोळले, कारण आमचे बाबा डिट्टो असेच. कुणी गेल्यावर त्या घरी भेटायला गेले की तोंडातून शब्द फुटायचा नाही. एका घरी तर त्यांनी 'पंखा नवीन घेतलात का?' असं विचारलं होतं. पण पुढे त्याच घरातल्या काकूंचे पेन्शनचे कागद घेऊन खेटे घालणारेही तेच.

कपाल्डीचा डॉक्टर मला तिथे सापडला. माया आहे, ती बोलून दाखवायची कला नाही.

'हेवन सेंट' (२०१५) हा भाग जवळजवळ त्याने एकट्यानेच पेललाय. हिऱ्याहून कितीतरी पट कठीण भिंत, आणि हा तिच्यावर नुसत्या मुठीने ठोसे मारतोय. मरतो, पुन्हा तयार होतो, पुन्हा ठोसे. साडेचार अब्ज वर्षं! हात दुखावल्यावर तो क्षणभर लहान मुलासारखा कुरकुरतो, आपणच दरवेळी का जिंकायचं म्हणून. एवढा हट्टी माणूस असा थकलेला दिसतो तेव्हा पोटात तुटतं.

पटकथांनी मात्र त्याला बरेचदा दगा दिला. चंद्र म्हणजे अंडं निघतं, तो भाग त्याच्याकडे बघतच निभावावा लागतो. डॉक्टरच्या नेहमीच्या सोनिक स्क्रूड्रायव्हर या जादुई हत्याराऐवजी दिलेल्या सोनिक गॉगलबद्दल तर न बोललेलंच बरं. त्याच्या हातात दिलेली गिटार चालेल, ती त्याला शोभते.

बघायचं असेल तर थेट 'हेवन सेंट'ला हात घालू नका. आधी 'डीप ब्रेथ', त्याचा डॉक्टर म्हणून पहिला पूर्ण भाग, बघा आणि पहिले काही भाग त्याचा राग येऊ द्या.