रोमला मिशनॉलॉजी शिकायला गेले त्याचा अनुभव

मी नन आहे आणि रोमला मिशनॉलॉजी, म्हणजे चर्चच्या मिशनकार्याचा अभ्यास, शिकून आले. "सिस्टर, रोमला जाऊन तुम्ही नक्की काय शिकून आलात हो?" हा प्रश्न मला लग्नात, मयतीत, विरार लोकलमधे, सगळीकडे विचारून झालाय. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांना वाटतं तिथे धर्मांतर कसं करायचं याचं ट्रेनिंग देत असतील, दुसऱ्यांना वाटतं पोप रोज आमच्या पंगतीला बसत असतील. दोन्हीतलं काहीच नाही. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू, कोणाला जायचं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मी वसईची. पुण्याला ज्ञानदीप या चर्चच्या विद्यापीठात थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र, केलं, मग आमच्या सिस्टरांच्या संस्थेने तलासरीकडे वारली मुलींच्या होस्टेलवर पाठवलं आणि तिथे खरं तर मी मजेत होते. मुलींचे जातीचे दाखले, रेशन, बोअरवेलची मोटर, दहावीचे फॉर्म, यात वर्ष कुठे जायचं कळायचंसुद्धा नाही. अशात सिस्टर प्रोव्हिन्शिअलचा, म्हणजे आमच्या प्रांताच्या प्रमुख सिस्टरांचा, फोन आला की तुझं नाव रोमला मिशनॉलॉजीसाठी दिलंय, पासपोर्टची मुदत बघून ठेव. आमच्यात असंच असतं, अर्ज बिर्ज करायचा नसतो, नाव दिलेलं असतं. आई म्हणाली, "अगं मिशनरी तिकडून इकडे यायचे ना, तू उलटी कुठे चाललीस?" मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही.

कोर्सला लायसेन्शिएट म्हणतात, दोन वर्षांचा, थिऑलॉजीच्या पदवीनंतरचा. विद्यापीठ उर्बानियाना, व्हॅटिकनच्या अगदी डोक्यावर जानिकोलो टेकडीवर आहे, खिडकीतून सेंट पीटर्सचा घुमट दिसतो. १६२२ मधे पोपनी मिशनच्या कामासाठी प्रोपागांदा फिदे नावाचं खातं काढलं आणि त्याच खात्यासाठी १६२७ मधे पोप आठवे उर्बन यांनी जे कॉलेज सुरू केलं त्यातून हे विद्यापीठ आलंय. आफ्रिका, आशिया, ओशिआनिया इथलेच विद्यार्थी जास्त. गोरा माणूस वर्गात शोधावा लागतो, प्राध्यापक सोडले तर.

कागदपत्रं म्हणाल तर ज्ञानदीपची पदवी चर्चचीच असल्यामुळे ती तिथे थेट चालते, त्या एका डोकेदुखीतून सुटले. बाकी वरिष्ठांचं परवानगीचं पत्र, आणि राहणं, जेवण, औषधपाणी याचा खर्च कोण करणार त्याचं लेखी हमीपत्र, हे लागतंच. हमीपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं हे मी ठळक करून सांगते, कारण आमच्याकडे बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेतलं एक आणि संस्थेत घेतलेलं तिसरं असा प्रकार असतो. मुंबईच्या व्हिसा सेंटरवर माझ्या पुढचा मुलगा मिलानला फॅशन शिकायला चालला होता, मागचा नवरा बायको हनिमूनला, आणि मधे मी फाइल छातीशी धरून.

फीच्या स्कॉलरशिपबद्दल सांगते कारण ते मलाही आधी नीट माहीत नव्हतं. ऑक्टोबरमधे मिशन संडेला, म्हणजे मिशनसाठी पैसे गोळा करायच्या रविवारी, आपल्या पॅरिशमधे (धर्मग्रामात) पाकिटं वाटतात ना, ते पैसे जगभरातून गोळा होतात आणि त्यातला काही भाग अशा स्कॉलरशिपला जातो. मिशन संडे १९२६ पासूनचा, पण त्याच्या मागे आहे पोलिन जारिको नावाची फ्रान्समधल्या लियों शहरातली मुलगी. तिने रेशमाच्या कारखान्यातल्या कामगार बायकांना दहा दहाच्या गटात बांधलं, दर आठवड्याला प्रत्येकीने एक छोटं नाणं द्यायचं, बस. त्यातून १८२२ मधे जी सोसायटी उभी राहिली ती आज पोपची अधिकृत संस्था आहे. पोलिनला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते २०२२ मधे. म्हणजे दोनशे वर्षं सगळं तिच्या पद्धतीवर चाललं आणि तिचा नंबर एवढा उशिरा लागला, यावर आम्ही सिस्टर लोक आपसात काय बोललो ते इथे लिहीत नाही.

रोमच्या आधी पेरुजा. तिथे परदेशी लोकांसाठी इटालियन शिकवणारं सरकारी विद्यापीठ आहे, आणि उन्हाळ्यात गल्लोगल्ली नन्स आणि फादर लोक वह्या घेऊन फिरताना दिसतात. सगळी लेक्चर्स इटालियनमधे, परीक्षा इटालियनमधे, त्यामुळे भाषा आली नाही तर पुढचं सगळं मुसळ केरात. पहिले काही आठवडे तर माझी अवस्था बालवाडीतल्या पोरीसारखी होती, तेही वय चौतीस. तलासरीला वीस माणसांना कामाला लावणारी बाई मी आणि इथे दुकानात जाऊन "सुईदोरा" मागता येत नाही, हातवारे करतेय. क्रियापदं पाठ करून करून झोपेत बडबडायचे असं शेजारची व्हिएतनामची सिस्टर सांगायची. पण मला खरं इटालियन शिकवलं ते आमच्या कॉन्व्हेंटमधल्या स्वयंपाकीणबाईंनी. त्या एका शब्दाचंही इंग्रजी बोलायच्या नाहीत आणि मला कांदा चिरायला बसवून अख्ख्या गल्लीच्या भानगडी सांगायच्या, आणि भानगड कळली पाहिजे म्हणून माणूस आपोआप कान देऊन ऐकतो.

पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पेर्मेस्सो दि सोज्जोर्नोचा, अर्ज करावा लागतो. तो करायचा पोस्टात. पोस्टातून एक जाडजूड पाकीट मिळतं, त्यातले फॉर्म भरायचे, सोळा युरोचं सरकारी मुद्रांकाचं तिकीट लावायचं जे पोस्टात मिळत नाही तर तंबाखूच्या दुकानात मिळतं. हो, तंबाखूच्या. हॅबिट, म्हणजे आमचा ननचा झगा, घालून पानटपरीसारख्या दुकानात रांगेत उभं राहायचं, कोणाला काही वाटत नाही. मग पावती मिळते, बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळते, आणि कार्ड हातात येईपर्यंत सगळ्यांचेच महिने जातात, तोवर ती पावती म्हणजे तुमचं सर्वस्व. त्याची झेरॉक्स काढा, फोटो काढा, ओरिजिनल पावती उगाच बसमधे घेऊन फिरू नका. टर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनहून सेंट पीटर्सकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी जगप्रसिद्ध आहे आणि त्यांना हॅबिटचं काही पडलेलं नसतं.

आता शिकवलं काय ते. मला वाटलं होतं कामाच्या पद्धती शिकवतील, प्रोजेक्ट कसा लिहायचा, गावात कसं जायचं वगैरे. पहिल्या सेमिस्टरला जे शिकवलं ते जवळजवळ सगळं मिशनरी लोक कुठे कुठे चुकले याचंच होतं. खोटं नाही सांगत. १६५९ मधे प्रोपागांदाने चीन आणि व्हिएतनामकडे निघालेल्या बिशपांना लेखी सूचना दिल्या होत्या की तिथल्या लोकांच्या चालीरीती उघड उघड धर्माच्या किंवा नीतीच्या विरुद्ध नसतील तर त्यांना हात लावू नका, फ्रान्स, स्पेन, इटली उचलून चीनमधे नेण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही. हे साडेतीनशे वर्षांपूर्वीचं! मी ते वाचून खूश. आणि पुढच्याच आठवड्यात सरांनी दाखवलं की त्याच रोमने १७४२ मधे चिनी ख्रिस्ती लोकांना पूर्वजांना मान द्यायच्या विधींवर कायमची बंदी घातली, आणि ती उठवली थेट १९३९ मधे. जवळपास दोनशे वर्षं! वर्गात एक चिनी फादर होते, ते एवढंच म्हणाले की आमच्या गावात आजीच्या आजीने या बंदीपायी घर सोडलं होतं, आणि खाली बसले. त्यादिवशी सरांनी पुढचं लेक्चर घेतलं नाही, चर्चाच चालू राहिली आणि कॉंगोचे फादर आणि कोरियाची सिस्टर यांचं जे भांडण जुंपलं ते कॉफी मशीनपर्यंत पोचलं.

मला तेव्हा आमची वसई आठवत होती. आमच्याकडे पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले, आडनावं बदलली, पण माझी आजी लाल लुगडं नेसून मिस्साला जायची, घरात कुपारी ही आमची बोली बोलायची, लग्नात गाणी आपलीच. कोणी काय ठेवलं आणि कोणी काय सोडायला लावलं हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं, सण आला की सण करायचा. तिथे मात्र प्रत्येक जण येऊन विचारायचा, तुम्ही कधीपासून ख्रिस्ती? जबरदस्तीने की मर्जीने? भारतात हा प्रश्न विचारणाऱ्याचा सूर वेगळा असतो त्यामुळे मी आधी थोडी फणकारायचेच. नंतर कळलं की नायजेरियावाली आणि पापुआ न्यू गिनीवाली हाच प्रश्न स्वतःलाही विचारत असतात.

एक गंमत झाली. आमच्यात एक जपानी सिस्टर होती, फार कमी बोलणारी. मी वसई म्हटलं तर तिला काही कळेना, मग मी म्हटलं गोन्सालो गार्सियाचं गाव, तर ती उठून उभीच राहिली. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईत जन्मले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले, सव्वीस जणांबरोबर म्हणजे त्यांच्यासकट सव्वीस. १८६२ मधे संत झाले, भारतात जन्मलेले पहिले. तिने नागासाकीच्या टेकडीवरचं त्या सव्वीस जणांचं स्मारक लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेलं. आईच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर मला तिथे मिळालं, आमच्याकडून बाहेर जाणारे चारशे वर्षांपूर्वीपासून आहेत.

परीक्षा तोंडी असतात. हे मनाची तयारी करून जा. सर टेबलाच्या पलीकडे, तुम्ही अलीकडे, दाराबाहेर रांग, आणि आतला आवाज बाहेर ऐकू येतो. मिशनच्या इतिहासाच्या परीक्षेत मला माझ्या आवडीचा विषय निवडायला सांगितलं, मी मातेउस दे कास्त्रो निवडला. गोव्याच्या दिवाड बेटावरचा ब्राह्मण घरातला ख्रिस्ती, गोव्यात काही जमू देईनात म्हणून रोमला आला, याच उर्बन कॉलेजात शिकला, १६३७ मधे बिशप झाला आणि आदिलशाही मुलखाची जबाबदारी घेऊन परत गेला. डिचोलीत राहिला कारण पोर्तुगीजांच्या हद्दीत त्याला उभं करत नव्हते. आयुष्यभर त्यांच्याशी भांडला आणि शेवटी १६७७ मधे रोममधेच वारला. माणूस तापट होता असं सगळेच लिहितात, माझं मत असं की त्याच्या जागी कोणीही तापलं असतं. सरांनी विचारलं डिचोली कुठे, दिवाड कुठे, अंतर किती. आता ते इटालियनमधे सांगताना माझी वळली बोबडी, मग मी सरळ त्यांच्यासमोरच्या कागदावर मांडवी नदी काढली, बेट काढलं, इकडे पोर्तुगीज, तिकडे आदिलशहा, आणि एक बाण मारला. सर चष्मा वर करून बघत बसले आणि मग त्यांनी त्यांच्या पेनने समुद्र काढला. पास झाले, चांगली झाले. पुढे प्रबंधही याच माणसावर केला, भाषेसाठी त्यातलं प्रत्येक पान एका इटालियन सिस्टरने तपासून दिलं, त्यांचे उपकार.

खाण्याचं विचाराल तर पास्त्याचा कंटाळा आला की उपाय म्हणजे पियात्सा व्हित्तोरियोजवळचं एस्क्विलिनोचं मार्केट. बांगलादेशी दुकानं आहेत, हिरवी मिरची, आलं, मसूर डाळ, कोथिंबीर सगळं. आणि तिथे एका दुकानात पिशवीत चक्क सुके बोंबील! मी तिथेच ओरडले. शनिवारी दुपारी किचन रिकामं बघून तव्यावर भाजले, खिडक्या उघड्या ठेवून, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या वयस्कर सिस्टर धावत खाली आल्या की वायर जळतेय का. त्यांना एक तुकडा दिला. त्यांनी तो खाल्ला, एक ग्लास पाणी प्यायल्या, आणि माझ्यासाठी प्रार्थना करीन म्हणाल्या.

शनिवार रविवार काम असायचं. आमचा गट टर्मिनी स्टेशनच्या बाजूच्या भागात कॅरिटास या चर्चच्या मदतसंस्थेच्या जेवणघरात वाढायला जायचा. तिथे येणाऱ्यांत बेघर इटालियन म्हातारे, आफ्रिकेतून बोटीतून आलेली पोरं, आणि बरेच बांगलादेशी, पंजाबी. मी हिंदी बोलते कळल्यावर माझ्या काउंटरला रांग. फॉर्म वाचून द्या, मालक पगार देत नाही पत्र लिहून द्या, घरी फोन लागत नाही. तलासरीतलंच काम, फक्त थंडीत. एका पंजाबी मुलाने विचारलं होतं, "दीदी, आप को भी कागज़ नहीं मिला क्या?" माझ्या हातातही तेव्हा पावतीच होती, मी काढून दाखवली, आम्ही दोघं हसलो.

दोन वर्षांनी पदवी घेऊन परत आले तर पोस्टिंग काय, तेच होस्टेल, वर हिशेबाचं काम जास्तीचं. काहींना वाईट वाटलं माझ्यासाठी, मला नाही वाटलं. एक फरक पडलाय, पाड्यावर गेले की आता मी प्रश्न जास्त विचारते, वाघोबाचं, म्हणजे वारल्यांच्या वाघदेवाचं, विचारते, लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकाचं विचारते, म्हातारीला चित्रातलं काय काय विचारते, आणि माझ्याबरोबरच्या नव्या सिस्टरांना ते बघून वैताग येतो कारण जीप थांबून राहते.

आमच्यातली अजून एक जण आता जायच्या तयारीत आहे. तिला सांगितलंय की इटालियन आजपासून सुरू कर, नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एक करून घे, स्वेटर तिथेच घे, आणि बॅगेतले ते सुके बोंबील काढ, तिथे मिळतात.